पाठविण्यापूर्वी एकदा वाचा

(खामगाव येथे कार्यकर्ते व पालक यांच्या एकत्रीकरणात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा मागच्या ओळीत थोडी खसखस पिकली, ती माझ्या कानांवर आली. ‘ई-मेल पाठविण्यापूर्वी काय पाहावे’ हा काय भाषणाचा विषय झाला? आठवीतला मुलगा आजोबांना हे दोन मिनिटांत शिकवितो. कळ कोणती दाबायची एवढाच प्रश्न असेल तर त्याने शिकवावे, माझी हरकत नाही. मी बोलणार आहे ते कळ दाबण्याच्या आधीच्या दोन मिनिटांविषयी. ती दोन मिनिटे मी एकदा दिली नाहीत आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. तेथूनच आरंभ करतो.

२००९ मधली गोष्ट. मेहकर तालुक्यातल्या एका लहान गावचा मुलगा माझा विद्यार्थी होता. वडील कोरडवाहू शेतकरी. पाच एकर रान, त्यात सोयाबीन आणि तूर. मुलगा बुद्धीने तल्लख, बारावीला उत्तम गुण मिळालेले. पुण्यातील एका संस्थेची शिष्यवृत्ती त्याला मिळण्याजोगी होती. अर्ज ई-मेलने करावयाचा होता. त्याच्याकडे संगणक नव्हता, म्हणून ते काम मी आपण होऊन अंगावर घेतले. चार दिवस खपून पत्राचा मसुदा केला. भाषा अशी की आजही मला तिचा थोडा अभिमान वाटावा. अखेरच्या दिवशी रात्री साडेअकराला, वीज जाईल या धास्तीने, मी ते पाठविले. पत्रात वाक्य होते, ‘सोबत गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला आणि शिफारसपत्र जोडले आहे.’ सोबत काहीही जोडलेले नव्हते.

चौथ्या दिवशी त्यांचे उत्तर आले. अतिशय सभ्य उत्तर होते. आपल्या पत्रासोबत कागदपत्रे मिळाली नाहीत आणि मुदत संपलेली आहे, एवढेच. त्यांचे काही चुकले नव्हते. मुलाचे वर्ष गेले. त्याचे वडील मला भेटायला आले तेव्हा मी मान खाली घालून सारे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “जाऊ द्या गुर्जी, पोराच्या नशिबातच नसन.” ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते. माझ्या खात्यावरची चूक त्या भल्या माणसाने नशिबाच्या खात्यावर मांडली आणि तो चहा घेऊन निघून गेला.

त्यानंतर मला एका प्रश्नाने पछाडले. शाळेत मी आयुष्यभर पत्रलेखन शिकविले. मायना, मजकूर, समारोप यांचे गुण दिले. मग लिहिणे आणि पाठविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे मला कसे सुचले नाही? उत्तर शोधताना मी जुन्या कागदांकडे वळलो आणि थक्क झालो. आपल्या पूर्वजांनी ही दोन कामे केवळ निरनिराळी मानली नव्हती, तर दोन निरनिराळ्या माणसांकडे सोपविली होती.

लोणार-मेहकर भागातल्या जुन्या देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. तो हेमाडपंत, यादवांचा मंत्री हेमाद्री, देवळांइतकाच दप्तरासाठीही प्रसिद्ध आहे. कोणाला कोणत्या मायन्याने, कसे लिहावे याची घडण सांगणारी ‘मेस्तके’ त्याच्या नावावर सांगितली जातात. पुढे हिंदवी स्वराज्याचे दप्तर उभे राहिले. सिंदखेडराजाला जन्मलेल्या जिजाऊसाहेबांच्या पुत्राने १६७४ मध्ये राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांची कामे ठरवून दिली. त्यांतील सचिव म्हणजे सुरनीस, आणि त्या पदावर होते अण्णाजी दत्तो. कानुजाबता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कागदात सचिवांचे काम सांगितले आहे. राजपत्रे नीट तपासावीत आणि अक्षर वा मजकूर अधिक-उणा झाला असेल तर तो शुद्ध करावा. ज्या राज्याला चहूबाजूंनी शत्रू होते, त्या राज्याने आठ प्रधानांपैकी एकाकडे पत्रातले कमी-जास्त अक्षर पाहण्याचे काम द्यावे, यावर आपण जरा विचार करावा.

पत्र पुरे झाले की त्यावर मोर्तब होई. ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असलेली ती लहान मुद्रा. लेखनाची सीमा येथे संपली, याखाली कोणी काही वाढविले तर ते आमचे नव्हे, असा तिचा अर्थ. कित्येक कागदांवर ‘सुरू सूद’ असे शेरे दिसतात. दप्तरात नोंद झाल्याची ती खूण. लिहिणारा, तपासणारा, मोर्तब करणारा, नोंदणारा आणि मग जासूद. एवढ्या हातांतून गेल्यावर चूक राहिलीच तर ती नवल म्हणावी. बाळाजी आवजी चिटणीसांची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायला वेळ झाला नाही, तेव्हा त्यांनी कोरा कागद समोर धरून ते अस्खलित वाचून दाखविले. आपण त्यात चिटणीसांची बुद्धी पाहतो. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पत्र रवाना होण्याआधी ते मोठ्याने वाचले जाण्याची रीत होती, म्हणून तर वाचून दाखविण्याचा प्रसंग आला!

आणि एका अक्षराने काय होते हे मराठी माणसाला कोणी शिकवावे? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, हे आपल्या बोलण्यात म्हण होऊन बसले आहे. ते खरोखर घडले की लोकांनी मागाहून रचले, याविषयी इतिहासकारांत वाद आहे, आणि आनंदीबाईंवर तो आळ सिद्ध झालेला नाही हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण अडीचशे वर्षे ही कथा टिकली, कारण एका अक्षराचे सामर्थ्य लोकांना पटलेले होते.

आता तुमच्या खामगावकडे येतो. हे गाव कापसाचे. जलंबपासून येथवर जेमतेम आठ मैलांचा रेल्वे-फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. त्याच वर्षी मुंबई ते इंग्लंड अशी समुद्रातली तार जोडली गेली. वऱ्हाडचा कापूस आणि लिव्हरपूलचा भाव यांच्यामधले अंतर महिन्यांवरून तासांवर आले. म्हणजे आज आपण ज्या वेगाचे कौतुक करतो, त्याची चव या गावाने दीडशे वर्षांपूर्वीच घेतली आहे. मात्र तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून माणूस तारघराच्या फळीशी उभा राहून, ओठ हलवीत, बोटांवर शब्द मोजी. पैसे वाचविण्यासाठी का होईना, मजकूर दोनदा वाचला जाई. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशात तार बंद झाली आणि बोटांवर शब्द मोजणेही संपले.

येथल्या पेढ्यांतल्या वडीलधाऱ्यांना हुंडी आठवत असेल. हुंडीवर हजार रुपये असे नुसते लिहीत नसत. अंकी हजार, अक्षरी एक हजार, आणि ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ असेही लिहीत. एखादे शून्य वाढविले तर निमे जुळत नसे. एकच रक्कम तीन वाटांनी सांगायची, म्हणजे एका वाटेवर झालेली चूक वा लबाडी दुसऱ्या वाटेवर पकडली जाते. संगणकशास्त्रात आज हेच तत्त्व मोठ्या नावाने शिकवितात.

टपालातही अनाहूतपणे काही वेळ मिळत असे. पत्र लिहावे, गोंद लावावा, सकाळी पेटीत टाकायला निघावे, आणि चौकात आठवावे, अरे, पत्त्यावर पिनकोड राहिला. परत यावे. ई-मेलने हे सारे मधले टप्पे काढून टाकले. चिटणीस, सुरनीस, तारमास्तर, पोस्टमन या साऱ्यांचे काम एका बोटात आले आणि ते बोट बहुधा घाईत असते.

कायदाही हेच सांगतो. २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा म्हणतो की, पाठविणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणकात संदेश शिरला की तो रवाना झाला. मग तुमचा शब्द तुमच्यावर बंधनकारक होऊ शकतो. ऑक्टोबर २००७ मध्ये दोन कंपन्यांमध्ये बॉक्साइटच्या पुरवठ्याची बोलणी ई-मेलवर झाली. १५ तारखेला देकार, १६ तारखेला स्वीकार. रीतसर सही-शिक्क्याचा करार व्हायचाच होता. पुढे वाद झाला आणि ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या खटल्यात जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ई-मेलमधून अटी ठरल्या आणि मान्य झाल्या, म्हणजे करार झाला. सहकारी संस्था, दुकाने, शिक्षणसंस्था चालविणारे कितीतरी जण येथे बसले आहेत. ‘आपले म्हणणे मान्य आहे’ हे चार शब्द ई-मेलवर लिहिताना आपण मुद्रांकावर सही करीत आहोत असे समजावे.

आता प्रत्यक्ष चुकांकडे वळू. सर्वांत घातक चूक मजकुरात नसते, पत्त्यात असते. दोन अक्षरे टंकली की संगणक आपण होऊन उरलेला पत्ता भरतो. ही सोय आहे तशी फसगतही आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे जी-२० परिषद होती. तेथील स्थलांतर विभागातील एका कर्मचाऱ्याने ३१ राष्ट्रप्रमुखांची व नेत्यांची माहिती, म्हणजे जन्मतारीख, पारपत्र क्रमांक, व्हिसाचा तपशील, एका सहकाऱ्याला पाठविली. संगणकाने पत्ता भरून दिला तो आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांपैकी एकाचा! त्या ३१ जणांत अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ओबामा होते आणि आपले पंतप्रधान नरेंद्र मोदीही होते. एवढ्या बंदोबस्ताच्या परिषदेची गुपिते कोणा हेराने फोडली नाहीत. पत्त्याच्या ओळीकडे न पाहणाऱ्या एका माणसाने ती आयती देऊन टाकली.

अमेरिकेच्या सैन्यदलाचे पत्ते इंग्रजीत ‘एम-आय-एल’ या अक्षरांनी संपतात. त्यातला ‘आय’ गळला तर तो पत्ता आफ्रिकेतील माली या देशाचा होतो. हे असे वर्षानुवर्षे घडत राहिले. मालीच्या पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या एका डच व्यावसायिकाने २०२३ च्या आरंभापासून वाट चुकलेली पत्रे जमविली, तेव्हा काही महिन्यांतच ती एक लाखाच्या वर गेली. तेव्हा ‘ध’चा ‘मा’ होण्याला शनिवारवाडाच लागतो असे नाही.

म्हणून मी स्वतःपुरती एक उलटी रीत पाळतो. पत्त्याची जागा शेवटपर्यंत कोरी ठेवतो. आधी जोडपत्रे जोडतो, मग मजकूर लिहितो, मग विषयाची ओळ, आणि सर्वांत शेवटी पत्ता. ज्या पत्रावर पत्ताच नाही ते चुकून बोट लागले तरी जाणार कोठे? आलेल्या पत्राला उत्तर देताना पत्ता आपोआप येतो, तेव्हा तो पुसून ठेवतो. जोडलेले प्रत्येक जोडपत्र उघडून पाहतो. नावावरून ओळखू नये. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’ आणि ‘अंतिम-शेवटचे’ अशा नावांच्या तीन प्रती प्रत्येक कार्यालयात असतात आणि जायची ती प्रत कधी जात नाही.

दुसरी गोष्ट, पत्र कोणाकोणाला दिसते. ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी. टंकलेखन यंत्राच्या काळातला तो निळा कार्बन अजून नावापुरता जिवंत आहे. यात सर्वांना सर्वांचे पत्ते दिसतात. ‘बीसीसी’मध्ये दिसत नाहीत. या एका अक्षराच्या फरकाने काय होते पाहा. सप्टेंबर २०१५ मध्ये लंडनच्या एका दवाखान्याने एचआयव्ही बाधितांसाठीच्या सेवेचे वार्तापत्र सुमारे ७८० जणांना पाठविले आणि सारे पत्ते उघड्या रकान्यात घातले. बहुतेक पत्त्यांत पूर्ण नावे होती. जे दुखणे लोकांनी घरातही सांगितले नसेल, ते शेकडो अनोळखी माणसांना कळले. त्या संस्थेला पुढच्या वर्षी १ लाख ८० हजार पौंड दंड झाला. गेलेली अब्रू दंडाने परत येत नाही. आपण रक्तदात्यांच्या याद्या, वधू-वर मेळाव्याच्या याद्या, देणगीदारांच्या याद्या सर्रास उघड्या धाडतो. त्या यादीतल्या एखाद्या भगिनीला दुसऱ्या दिवसापासून नको ते संदेश येऊ लागले, तर तिने कोणाला विचारावे?

‘रिप्लाय ऑल’ ही त्याचीच धाकटी बहीण. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचे पत्र चुकून आठ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना गेले. ते पत्र निरुपद्रवी होते. पण ‘मला हे का पाठविले?’ असे उत्तर अनेकांनी सर्वांना पाठविले, मग ‘कृपया सर्वांना उत्तरे पाठवू नका’ असेही सर्वांना पाठविले, आणि टपालयंत्रणा तासन्‌तास रखडली. हसू नका. आपल्या बैठकीच्या निरोपावर ‘येतो’ असे तीस जणांना कळविणारे तुमच्या-आमच्यातच आहेत.

आता आपल्या मराठीच्या खास दुखण्याविषयी, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. मारवाडी पेढ्यांवर पूर्वी मुडिया लिपी चाले. तिच्यात काना-मात्रा जवळजवळ नसत. काकाजी अजमेरला गेले असे पत्र आले आणि घरच्यांनी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून रडारड केली, ही गोष्ट येथल्या पेढ्यांवरही सांगितली जात असेल. हसण्याची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो, पण संगणक आल्यावर तेच आपल्या नशिबी आले. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये, आपण सुंदर मराठी मजकूर तयार करीत होतो. तो ई-मेलमध्ये टाकून पाठविला की पलीकडे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी उमटे. कारण साधे होते. त्या टंकांत इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसविलेले असे. पलीकडच्या संगणकात तो टंक नसला की चित्र गळून पडे आणि मूळचे इंग्रजी अक्षर उघडे पडे.

युनिकोडने हा रोग मुळातून घालविला. त्यात आपल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक ०९१५, तो खामगावात तोच आणि कॅलिफोर्नियातही तोच. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आयता मिळतो, भ्रमणध्वनीवर तर काहीच करावे लागत नाही. तरीही छापखान्यांतून आणि कार्यालयांतून जुन्या टंकांतल्या धारिका अजून फिरत असतात. अशी धारिका पाठविणे प्राप्तच असेल तर तिची पीडीएफ करून पाठवावी आणि पत्रातला मजकूर युनिकोडमध्ये लिहावा.

ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. इंग्रजी अक्षरांनी मराठी टंकणाऱ्या मंडळींपुढे संगणक दोन-तीन शब्द ठेवतो आणि आपण पहिल्यावर बोट ठेवतो. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे केविलवाणा. ‘स्वातंत्र्यदीन’ असे निमंत्रण मी स्वतः पाहिले आहे. ‘पिक’ म्हणजे कोकीळ आणि ‘पीक’ म्हणजे शेतातले. ‘यंदा कापसाचे पिक चांगले आले’ असे लिहिणाऱ्या कापूस उत्पादकाच्या रानात कोकिळा गात असाव्यात! विनोद सोडा, पण नावाच्या बाबतीत हे खपत नाही. ज्याला आपण पाहुणा म्हणून बोलावतो त्याचे आडनाव चुकविले की पुढचा सारा आदर वाया जातो. यावर उपाय सुरनिसांचाच, पत्र मोठ्याने वाचणे. डोळा चुकलेला शब्द सुधारून वाचतो, जीभ सहसा तसे करीत नाही. तरी ऱ्हस्व-दीर्घ जिभेलाही दाद देत नाही, त्यासाठी दुसऱ्या माणसाचा डोळा लागतो. घरातली मुले या कामी फार उपयोगी पडतात. वडिलांची चूक काढायला मिळते या आनंदाने ती मन लावून वाचतात.

तारखांबद्दल थोडे. ‘पुढच्या रविवारी’ म्हणजे येता की त्यापुढचा, यावर घराघरांत मतभेद आहेत. वार आणि तारीख दोन्ही लिहावे. ते आपले ‘निमे’ समजा, एक चुकले तर दुसरे पकडते. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी महिना अक्षरांत लिहावा. आपण ५/६ लिहितो ते पाच जून, तिकडे ते सहा मे होते. न्यूयॉर्कच्या घड्याळापुढे आपण उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतो, तेव्हा वेळ कोणत्या गावची हेही लिहावे. साखरपुड्याचा मुहूर्त संगणकावर पाहायला बसलेल्या मामांना नुसती रिकामी खोली दिसल्याचे माझ्याच नात्यात घडले आहे.

पैशांच्या पत्राला आणखी एक पथ्य आहे. ‘आमचे बँक खाते बदलले, यापुढे रक्कम नव्या खात्यात भरावी’ असे नेहमीच्या व्यापाऱ्याच्या नावाने पत्र आले, तर ई-मेलने उत्तर देऊच नका. आपल्या वहीतल्या जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करा आणि आवाज ओळखा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवा. तेथे उशीर झाला की पैसा हाती लागणे कठीण.

रागाच्या पत्रांविषयी बोलायला मी अधिकारी माणूस आहे, कारण तीही चूक करून झाली आहे. एका समितीत हिशेबावरून मतभेद झाले. रात्री अकराला मी एक पत्र लिहिले. त्यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. सकाळी मला त्यातले एकच वाक्य आठवत होते, आणि ते ज्यांना लिहिले त्यांनाही तेवढेच आठवत होते. ते गृहस्थ पुढे तीन वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. आम्ही दोघे एकाच आळीत राहतो. १८६३ च्या जुलैत अब्राहम लिंकन यांनी आपला सेनापती मीड याला असेच कडक पत्र लिहिले. शत्रू हातातून निसटू दिला, असा त्यात ठपका होता. लिहून झाल्यावर त्यांनी ते सही न करता ठेवून दिले. ते कधी पाठविले गेले नाही. जीमेलवर पाठविलेले पत्र मागे घ्यायला अधिकात अधिक तीस सेकंद मिळतात, तेही आपण मांडणीत तसे ठरविले असेल तर. आज घरी गेल्यावर ते तीस सेकंद अवश्य करून घ्या. पण रागाला तीस सेकंद पुरत नाहीत. अशा पत्राला रात्रभर मसुद्यांत झोपू द्यावे.

मघाशी एका माउलींनी विचारले, “सर, इतके सगळे पाहत बसलो तर पत्र जाणार कधी?” प्रश्न रास्त आहे. भाजीची यादी पाठविताना सुरनीस नेमायचा नसतो. ज्या पत्रात दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याचा पैसा किंवा दुसऱ्याचे वर्ष आहे, तेवढ्यापुरतेच मी बोलतो आहे.

तो मेहकरकडचा मुलगा पुढच्या वर्षी स्वतःच्या बळावर शिकायला गेला. त्या शिष्यवृत्तीविना गेला, वडिलांना थोडे कर्ज काढावे लागले. आज तो नागपूरला नोकरीत आहे. महत्त्वाचे कोणतेही पत्र तो आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवितो, भ्रमणध्वनीवर उघडतो, एकेक जोडपत्र पाहतो, आणि मगच पुढे धाडतो. मागच्या दिवाळीत त्याने धाकट्या बहिणीचा महाविद्यालयाचा अर्ज भरला आणि रात्री मला दूरध्वनी केला. मी काही विचारण्याआधी तोच म्हणाला, “सर, उघडून पाहिलं. तिन्ही कागद आहेत.”